मातीचे पांघरूण

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी परसात केर लोटीत होते. फाल्गुनाचे दिवस होते आणि कडुलिंबाची पानगळ ऐन भरात होती. रोजच्याप्रमाणे ढीग करून काडी ओढावी एवढ्यात मनात आले की, इतिहास म्हटला की आपण किल्ल्यांकडे आणि लढायांकडे धाव घेतो. पण रोज सकाळी आपण जो हा पाचोळा जाळून टाकतो, त्यालाही काही इतिहास असेलच की! मग पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, आणि नातेपुत्याच्या परसातून निघून सोलापूर, इंदूर आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आले. त्या प्रवासाची ही हकीकत भगिनींपुढे ठेवीत आहे.

विषय साधाच आहे. झाडाच्या बुडाशी किंवा वाफ्यातील उघड्या मातीवर वाळका पाला, काड, गवत, उसाचे पाचट यांचा थर पसरून ठेवावयाचा आणि तो तेथेच हळूहळू कुजू द्यावयाचा. शेतकी पुस्तकांत याला आच्छादन म्हणतात. हल्लीच्या शेतकरी मुलांच्या तोंडी 'मल्चिंग' हा शब्द असतो, पण त्यांच्या मनात बहुधा प्लास्टिकचा चकचकीत कागद असतो. तो कागद ओल टिकवितो हे खरे. परंतु तो मातीला खाऊ घालीत नाही, आणि फाटला की त्याच्या चिंध्या वर्षानुवर्षे शेतात वेचाव्या लागतात. मी म्हणते ते पांघरूण स्वतःच माती होणारे आहे.

त्याचे काम कसे चालते, हे समजून घेण्यास विद्यापीठात जावयास नको. शिखर शिंगणापूरच्या बाजूला डोंगरात एखाद्या जुन्या जाळीखाली हात घालून पाहावा. वरची पाने करकरीत, त्याखालची मऊ, त्याखाली काळसर चुरा आणि मग जी माती लागते ती ओलसर, भुसभुशीत. तेथे कोणी खत टाकलेले नसते आणि झारीने पाणीही घातलेले नसते. पावसाचा थेंब पानावर आपटून खाली झिरपतो, म्हणून मातीवर पापुद्रा धरत नाही. वैशाखातले ऊन पानांवरच अडते, म्हणून ओल उडत नाही आणि मुळे भाजत नाहीत. अंधार, गारवा आणि अन्न मिळाले की गांडुळे वर येतात, पाने ओढून खाली नेतात, आणि त्यांच्या विष्ठेने मातीचे कण जुळून येतात. हे सर्व इतके उघड असता आपल्या शेतांत, परसांत माती उघडी का राहिली? आपले पूर्वज काही अडाणी नव्हते. मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर शेतात सापडत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात सापडते.

आपल्या माळशिरस तालुक्यात पाऊस वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. कालवा येण्यापूर्वी येथील जीवन रब्बीच्या ज्वारीवर उभे होते. जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडून काढलेला मालदांडी वाण अजूनही आपल्या भाकरीत आहे. ही ज्वारी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कापीत नाहीत, हाताने उपटून काढतात. काढणीला गेलेल्या बायकांच्या तळहातांना जे फोड येत, ते ज्यांनी भोगले त्यांना हे सांगावयास नको. आता हिशेब पाहा. कणीस खळ्यावर गेले. ताट कडबा म्हणून गुरांपुढे गेले. दुष्काळात तर कडब्याची पेंढी धान्याइतकी मोलाची. मुळासकट उपटलेले धसकट तोडून, माती झटकून, वाळवून चुलीत गेले. तुरीच्या काट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत गेल्या. गुराने खाल्लेल्या कडब्याचे शेण झाले, त्यातले पुष्कळसे थापून शेणी झाल्या आणि त्याही चुलीत गेल्या. उरलेसुरले काड छपराला गेले. शेतातून आले ते सर्व आले. शेतात परत गेले ते फार थोडे, एक उकिरड्याचे खत.

ही काडी गोळा करणारे हात बायकांचे होते. उन्हाळ्यात पाटी घेऊन धसकटे वेचावयास आम्ही पोरी जात असू. संध्याकाळच्या भाकरीला जळण पाहिजे, मग शेताला पांघरूण कोठून घालणार? ज्या बाईने शेवटची काडी उचलून चुलीत घातली, तिने मातीचे नुकसान केले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. पण नुकसान झाले हेही खरे आहे. आज आपल्या भागातील पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो, यात रासायनिक खतांना दोष देण्याची रीत आहे. पण मातीची ही उपासमार त्या खतांच्या कितीतरी आधीची आहे.

उकिरड्याचा मात्र मान राखला पाहिजे. केर, राख, गोठ्यातील गाळण, सडका कडबा, भाजीची देठे, सारे त्यात पडे आणि वर्षाने गाडीवर चढून शेतात जाई. दिवाळीत उकिरड्यावरही पणती ठेवण्याची चाल खेडोपाडी आहे, ती उगीच नव्हे. लक्ष्मी कोठून येते हे त्या बायांना ठाऊक होते. मोरीच्या पाण्यावर अळू, उकिरड्याच्या कडेला भोपळ्याचा वेल ही आपल्या परसबागेची मूळ मांडणी. ती कोणी शिकविली नाही.

मातीच्या या उपासमारीकडे आपल्या भाषेत फार पूर्वी ज्यांनी लक्ष वेधले, त्यांत महात्मा फुले आहेत. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सरकारच्या आणि सावकारीच्या जाचाविषयी आहे, हे सर्वांना माहीत असते. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी असेही मांडले आहे की, डोंगरांवरील पाने, फुले, गवत, मेलेले किडे-प्राणी यांचे सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर वाहून नदीनाल्यांत वाया जाते. ते अडवून शेतात मुरेल असे ताली-बंधारे सरकारने आपल्या शिपायांकडून घालवून घ्यावेत. जोतिबा स्वतः माळी घराण्यातले. पान कुजून माती होते ही गोष्ट त्यांना घरातूनच ठाऊक असणार. मला त्यांच्या या परिच्छेदाचे नवल वाटते ते एवढ्यासाठी की, कर्ज आणि कोर्ट यांच्या चर्चेत एखादा विद्वान पाचोळ्याचा हिशेब विसरला असता; ते विसरले नाहीत.

पुढे सरकारी प्रयोग सुरू झाले. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले आणि १९३३ साली आपल्या सोलापुरात त्याचे केंद्र निघाले. ना. वि. कानिटकर हे या कामातील मोठे नाव. कोरडवाहू शेतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. सोलापूरचे दुःख असे की, काळी जमीन पाणी पिते भरपूर, पण पौषापासून तिला भेगा पडू लागतात आणि त्या भेगांच्या वाटेने खालची ओलही उडून जाते. त्यावर संशोधकांनी धरलेला उपाय शेतकऱ्याच्या हातातलाच होता: कोळपे. वारंवार कोळपून वरची दोन बोटे माती मोकळी ठेवली की भेगा बुजतात, तण मरते आणि ती मोकळी माती हीच खालच्या मातीची गोधडी होते. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण शेतकी अधिकाऱ्यांच्या तोंडी असते, तिच्यात हेच शास्त्र आहे. पाहा कशी युक्ती! काडी नाही, तर मातीनेच माती झाकली. कडबा गुराला राहिला, धसकट चुलीला राहिले, आणि पिकालाही पांघरूण मिळाले. गरिबाच्या घरी जुन्या लुगड्याची वाकळ शिवतात, तसलेच हे.

पण वाकळ ती वाकळ. मोकळी केलेली माती वाऱ्याने उडते आणि वळवाने वाहते, आणि तिच्यातून मातीला नवे अन्न काही मिळत नाही. १९७० नंतर त्याच सोलापूर केंद्रावर तूरकाट्या, सरमाड, गवत, गव्हाचे काड यांच्या आच्छादनाचे प्रयोग झाले आणि रब्बी ज्वारीला हेक्टरी ५ टन आच्छादन घालावे अशी शिफारस आली. शिफारस योग्यच होती. परंतु हेक्टरी ५ टन काडी ज्याच्याजवळ आहे तो आधी बैल जगविणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून ती पुष्कळशी कागदावर राहिली.

येथे माझ्या मनात जो विचार आला तो सांगते, कारण सगळा लेख त्याच्यासाठी आहे. हेक्टरचा हिशेब गुंठ्यावर आणला तर ५ टनांचे होतात सुमारे ५० किलो. ५० किलो वाळका पाला म्हणजे पाचसहा पोती. दारचा एक मोठा लिंब आणि शेजारची चिंच मिळून तेवढा पाला सहज देतात, आणि तो आपण जाळतो. शेताला जे पांघरूण परवडले नाही, ते परसाला फुकट मिळण्याजोगे आहे.

कालव्याची गोष्ट थोडक्यात सांगते, ती सर्वांच्या परिचयाची आहे. भाटघरचे मोठे धरण १९२७ च्या सुमारास पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी आपल्या तालुक्याला मिळू लागले. सासवडकडील माळी मंडळींनी या पाण्यावर ऊस उभा केला आणि १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना काढला. १९३४ साली श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांची बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट निघाली. ज्या मातीला पाण्याची सवय नव्हती, तिला एकदम पाटाचे पाणी मिळाले. काही जमिनी पिकल्या, काही खारावून चोपण झाल्या. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघाले ते या कालव्यांवरील उसाच्या प्रश्नांसाठीच. तेथील जे. के. बसू आणि त्यांचे सहकारी सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याखालच्या जमिनींची पाहणी करून त्यांची वर्गवारी १९३८ साली प्रसिद्ध केली. आपल्या पायाखालच्या मातीचे खड्डे खणून, थर मोजून कोणी कुंडली मांडली होती, हे मला हा लेख लिहीपर्यंत ठाऊक नव्हते. उघड्या मातीतून पाणी उडून जाते तेव्हा क्षार वरच राहतात. म्हणून बोअरच्या मचूळ पाण्यावर बाग करणाऱ्या बायांना तर पांघरुणाची गरज दुप्पट आहे.

आता इंदूर. आपल्या नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांना होळकर हे नाव पडले, त्यांच्या राजधानीत १९२४ साली वनस्पतिसंशोधनाची एक संस्था निघाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड. त्यांच्या पत्नी गाब्रिएल हॉवर्ड याही मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञ. केंब्रिजला शिकलेल्या, १९०५ साली लग्न होऊन हिंदुस्थानात आलेल्या, आणि पुसा येथे नवऱ्याच्या बरोबरीने गव्हाच्या जाती सुधारणाऱ्या. १९१३ साली सरकारने त्यांना स्वतंत्र अधिकारपद दिले. त्या काळी बाईला अशा खात्यात जागा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या १९३० साली वारल्या, आणि नवऱ्याचे नाव जगभर झाले ते त्यानंतर. हे नेहमीचेच.

हॉवर्ड दांपत्यापुढे प्रश्न असा होता की, शेतकऱ्याचे शेण चुलीत जाते, मग खत कशाचे करावे? त्यांनी जी पद्धत बसविली तिला इंदूर पद्धत म्हणतात. पाला, तण, काड, पऱ्हाट्या असे जे जे वाळके मिळेल ते, थोडे शेण, गोठ्यातील मुताची माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ओल राखावयाची, आणि वेळोवेळी वरखाली करावयाचे. सुमारे तीन महिन्यांत काळे खत तयार. पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. तर त्या गाड्यांच्या वाटेवर अंथरून ठेवीत, म्हणजे चाकांखाली आपोआप चुरल्या जात. ही युक्ती मला फार आवडली. तिच्यात गृहिणीची अक्कल दिसते. १९३१ साली या प्रयोगांचे जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. आज जगभर सेंद्रिय शेतीचा जो गाजावाजा चालतो, त्याच्या मुळाशी जी मोजकी पुस्तके आहेत त्यांतील हे एक. हॉवर्ड स्वतः मान्य करीत की, आपण पुष्कळसे येथल्या शेतकऱ्यांकडून शिकलो.

इंदूरचे खत म्हणजे उकिरड्याचेच सुधारलेले रूप; पण त्यात खणणे, उलथणे, वाहणे आहे. वयाने थकलेल्या बाईला ते झेपत नाही. ही अडचण अमेरिकेतील एका बाईने सोडविली. रूथ स्टाउट त्यांचे नाव. मुलगी असताना दारूच्या गुत्त्यांवर चालून जाणाऱ्या प्रसिद्ध कॅरी नेशन यांच्याबरोबर त्याही गेल्या होत्या असे सांगतात, तेव्हा बाई मुळातच खमकी! त्यांची भाजीची बाग होती आणि दर वसंतात जमीन नांगरून घेण्यासाठी त्यांना नांगरवाल्याची वाट पाहावी लागे. १९४४ साली तो असाच वेळेवर येईना. तेव्हा त्यांच्या मनात आले की, न नांगरलेल्या वाफ्यातही जुन्या मुळांतून भाजी फुटतेच आहे, मग नांगर हवा कशाला? त्यांनी सगळ्या बागेवर वाळक्या गवताचा जाड थर घातला आणि तो कधी काढलाच नाही. कुजून खाली बसला की वरून नवा. बी लावताना थोडे बाजूला सारावयाचे, रोप वर आले की पुन्हा ओढून घ्यावयाचे. १९५५ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी यावर पुस्तक लिहिले. पाठ न मोडता बाग कशी करावी, असा त्याचा विषय. पुढे त्या नव्वदी ओलांडून १९८० साली वारल्या.

स्टाउटबाईंची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही. त्यांच्याकडे सडके गवत गाड्यांनी मिळे. आपल्याकडे गवताची पेंढी विकत घ्यावी लागते. त्यांच्या थंड हवेत वाळवीचा जाच नाही. पण हे पांघरूण कायमचे ठेवावे, उन्हाळ्यापुरते नव्हे, हा त्यांचा मुद्दा आपण घ्यावा.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार घरोघर नेला तो कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकर यांनी. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून साध्या शेतकऱ्यांना एकमेकांचे शिक्षक केले. तासगावकडील द्राक्षबागांत त्यांचे मोठे काम आहे. 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकात त्यांनी दहा गुंठ्यांत कुटुंब पोसण्याचा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे असे की, पान म्हणजे साठविलेले ऊन. ते जाळले की तुमची वर्षाची मिळकत धुराने गेली. हाच विचार पुढे मुंबईच्या गच्च्यांवर गेला. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजीची साले, देठे आणि वाळका पाला यांच्यावर फळझाडे व भाज्या वाढविल्या. ज्या शहरात माती विकत घ्यावी लागते, तेथे बायकांनी केरातून माती केली. आणि येथे आपण सबंध परस असूनही ढिगाला काडी लावतो.

आता मूळ अडचण पाहू. काडी चुलीला लागत होती. ती अडचण आपल्या डोळ्यांदेखत सरली आहे. आधी गोबरगॅस आला, मग सिलिंडर, आणि २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनंतर तर पुष्कळ वाड्यावस्त्यांवर. सिलिंडर महाग झाला की चूल पुन्हा पेटते हे मला माहीत आहे. तरी पूर्वीसारखी धसकट वेचण्याची पाळी सर्वांवर राहिली नाही. काडी प्रथमच मोकळी झाली. आणि नेमक्या याच वेळी ती बांधावर जळू लागली, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. जिने शेवटची काडी चुलीत घातली, तिने निदान त्यावर भाकरी तरी भाजली.

उसाचे पाचटच घ्या. तोड झाली की एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट पडते. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि पालाश एक टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे १० टनांत ४०-५० किलो नत्र आणि ९०-१०० किलो पालाश. पेटविले की कर्ब आणि नत्र आकाशात जातात. शेतकरी पेटवितो त्याला कारणे आहेत: खोडव्याला पाणी देणे अडते, उंदरांचे भय असते, मजूर मिळत नाही. कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की, पाचट सरीत पसरावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जिवाणू टाकून ते जागीच कुजू द्यावे. ज्या घरांत हे केले जाते, तेथील खोडव्याला पाण्याची पाळी लांबली तरी चालते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी ऊस आहे, त्यांनी निदान एका सरीपुरता घरधन्यांशी वाद घालावा. आणि परसासाठी दोन भारे पाचट आणण्यास तर कोणाची परवानगी नको.

माझी स्वतःची फजिती सांगते. वाचून उत्साह आला आणि मिरचीच्या वाफ्यात मी ओले, हिरवे गवत ढीगभर घातले, अगदी बुडाला टेकवून. आठ दिवसांत ते तापले, त्याला वास सुटला आणि सात रोपे बुडाशी सडली. नंतर कळले की हिरवे गवत आधी उन्हात मरगळू द्यावे, थर चार बोटांपेक्षा जाड करू नये, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. दुसऱ्या खेपेस नुसते पाचट घातले, तर वांगी पिवळी पडली. वाळके काड कुजविणाऱ्या जंतूंना नत्र लागतो, तो ते मातीतून ओढून घेतात आणि रोपाला कमी पडतो. म्हणून काडाखाली पाटीभर शेणखत आधी पसरावे, किंवा वरून शेणकाला शिंपडावा. वाळवी दिसली की लिंबोळीची पेंड मिसळावी, आणि थर कोरडा ठणठणीत न ठेवता थोडा ओला राखावा. गाजरगवताचे मात्र नाव काढू नये, निदान फुलावर आलेले तर मुळीच नको. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले, आणि आज आपल्या गावचा एक उकिरडा त्याच्यावाचून नाही. विंचूकाट्याचे भय खोटे नाही. भिंतीलगत आणि दाराजवळ पाला पसरू नये, आणि हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे.

सगळ्यांत अवघड गोष्ट वाळवी नव्हती, लोकांची नजर होती. झाडून काढलेले दार ही बाईची अब्रू. पाहिल्या महिन्यात तिघीजणींनी येता जाता विचारले, "काय हो काकू, बरं नाही का? केर तसाच पडलाय!" सासूबाई असत्या तर त्यांनी विचारले नसते, खराटाच हाती घेतला असता. मी त्यावर तोड काढली ती अशी: पुढचे अंगण रोज झाडते, सडा घालते, रांगोळी काढते; आणि तोच केर, प्लास्टिक वेचून, मागच्या परसात पसरते. पुढे झाडायचे ते मागे झाकायला. जुन्या वाड्यांत अंगण वेगळे आणि परस वेगळे होतेच. आपण सिमेंटच्या घरांत दोन्ही एक केली.

आषाढात माउलींची पालखी आपल्या गावी मुक्कामाला असते. पूर्वी वारकऱ्यांच्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर उठत, आणि त्या पत्रावळी गुरांच्या तोंडी किंवा उकिरड्यात जात. मग थर्माकोल आले; २०१८ साली राज्यात त्यावर बंदी झाली, तरी तुकडे अजून उडतात. मंडळाने मुक्कामाच्या दिवशी पंगतीला पानांच्याच पत्रावळी पुरविल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या गोळा करून खड्ड्यात घातल्या, तर येणाऱ्या चैत्रात किती परसांना खत मिळेल, हे चिटणीसबाईंनी सभेत मांडावे अशी माझी सूचना आहे.

हे लिहीत असता वैशाख लागला आहे. मोगऱ्याच्या बुडाशी लिंबाच्या पाल्याचा थर आहे, तेथे मी तिसऱ्या दिवशी पाणी देते. बोट खुपसले तर दुसऱ्या पेरापर्यंत गार लागते. पलीकडच्या उघड्या आळ्याला रोज पाणी देऊनही संध्याकाळी माती नखाने उकलत नाही. परवा थर वर उचलून पाहिला तर दोन गांडुळे दिसली, तीही ऐन वैशाखात. पाच पोती पाला संपला, म्हणून आता शेजारच्या दोन घरचा केर मी मागून आणते, आणि त्या हसत हसत देतात. ज्यांच्याकडे चिंचेचा किंवा गुलमोहराचा पाला पडून आहे, त्यांनी जाळण्यापूर्वी निरोप धाडावा. पोती मी घेऊन येईन.